जुन्या फायबर बोटीवर वेकबोर्ड टॉवर बसवायचा आहे: डेक तो भार घेईल का?

बेलापूर_खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझी आणि माझ्या मेव्हण्याची मिळून एक १८ फुटी फायबरची बोट आहे. ती १९९६ सालची, अमेरिकी बनावटीची असून पुढच्या बाजूला बसायला मोकळी जागा आणि मागे ११५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन अशी तिची रचना आहे. पावसाळ्यात ती उरणच्या बाजूला एका शेडमध्ये ट्रेलरवर उभी असते आणि दिवाळीच्या सुमारास आम्ही ती रेवस-मांडव्याच्या पाण्यात उतरवतो. आजवर वेकबोर्डचा (पायांना बांधून बोटीमागे ओढले जात खेळायच्या फळीचा) दोर आम्ही ट्रान्समवरच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवरच्या, दोन कड्यांना बांधत आलो. त्यामुळे दोर पाण्यालगत राहतो, नवशिक्याला उभे राहणे जड जाते, आणि वळण घेताना दोर इंजिनाच्या टोपावर घासतो. म्हणून यंदा टॉवर, म्हणजे दोर उंचावर बांधण्यासाठी डेकवर उभी करायची पाइपांची कमान, बसवावा असे मनात आहे.

ज्या जागी टॉवरचे पाय येतील तिथे बोटीची रुंदी बाहेरून बाहेर २.१ मीटर भरते. तयार किट मागवावे की रबाळे-महापे भागात बनवून घ्यावे, आणि ॲल्युमिनियम घ्यावे की स्टेनलेस स्टील, हे माझे दोन प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न असा की, यार्डातल्या मिस्त्रींच्या मते भोके पाडून बोल्ट आवळले की दुपारच्या जेवणापर्यंत काम संपते. हे खरे मानावे का?

नाखवा_६१

पाइपाचा विचार नंतर करा. आधी प्लास्टिकची हातोडी घ्या आणि जिथे चार पाय येणार आहेत तिथला डेक वीतभर अंतरापर्यंत सगळीकडे ठोकून पाहा. माठ विकत घेताना आपण जसा टिचकी मारून घेतो, तसेच हे आहे. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर आतल्या प्लायमध्ये पाणी शिरले आहे असे समजा. तुमच्या बोटीच्या काळात बहुतेक कारखाने फायबरच्या दोन थरांच्या मध्ये प्लाय किंवा बाल्सा लाकूड घालत असत. वरून जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) चकचकीत असतो आणि आत भुसा झालेला असतो.

दोन_इंची_पाइप

मी रबाळ्यात फॅब्रिकेशन करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. आपल्या मापाच्या टॉवरला साधारण ११ मीटर पाइप लागतो. बाहेरून ५० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पाइप मीटरला १.२ किलो भरतो, म्हणजे सगळा मिळून १३ किलो झाला. त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा पाइप ३९ किलोंच्या घरात जातो, आणि जाडी २ मिलिमीटरवर आणली तरी २६ किलो होतातच. हे वजन डेकच्या वर, हवेत असते, आणि १८ फुटी बोटीला ते जाणवते. आपल्या बोटीवर किती माणसे आणि किती वजन चालेल याची कारखान्याची पाटी असेल, तर टॉवरचे वजनही त्याच हिशेबात धरावे.

मात्र ॲल्युमिनियममध्ये एक मेख आहे, जी गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताण सोसण्याची ताकद मुळात ३१० मेगापास्कलच्या आसपास असते, परंतु आर्गन वेल्डिंग केल्यावर टाक्याच्या आजूबाजूची पट्टी उष्णतेने नरम पडते आणि तिथे हिशेबात १६५ धरावे लागतात, म्हणजे जवळजवळ निम्मेच. म्हणून चांगल्या टॉवरमध्ये मुख्य कमान एकाच पाइपाला वाकवून केलेली असते, आणि टाके असलेच तर ते दोर ओढला जातो त्या जागेपासून आणि पायांच्या वळणापासून दूर ठेवलेले असतात. आमच्या भागात आर्गन वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत, पण ५० मिलिमीटरचा पाइप आतून आधार देऊन, सुरकुती न पडू देता वाकवणारे यंत्र प्रत्येकाकडे नसते. ते नसेल तर किटच मागवा. मला काम मिळाले नाही तरी हरकत नाही.

पावडर कोटिंगचा मोह टाळा. खाऱ्या हवेत एक ओरखडा पडला की पाणी रंगाखाली शिरते आणि वर्षभरात पापुद्रे फुगतात. ॲनोडाइझ केलेला पाइप दिसायला साधा असला तरी टिकतो.

आडवा_वारा

मी ठाण्यात संरचना अभियंता म्हणून काम करतो. माझा संबंध इमारतींशी असला तरी बलांचे गणित तेच असते, म्हणून लिहितो.

माणूस ८० किलोंचा असला तरी लाट कापताना दोरावर झटका त्याहून पुष्कळ मोठा बसतो. मी मुद्दाम जास्त, म्हणजे २५० किलोंची ओढ धरतो. दोर बांधण्याची जागा पायांच्या पातळीपेक्षा १.५ मीटर उंच आहे असे मानू. ओढ मागच्या दिशेने असल्यामुळे टॉवर मागे कलू पाहतो, त्याचे पुढचे दोन पाय डेकमधून उपटले जाऊ पाहतात आणि मागचे दोन पाय डेकमध्ये रुतू पाहतात. पुढच्या-मागच्या पायांत ०.७५ मीटर अंतर असेल तर पुढच्या प्रत्येक पायाला २५० किलोंचा उचल-भार येतो. तेच अंतर १ मीटर केले तर तो १९० पर्यंत उतरतो. खेळणारा ४५ अंशांत एका बाजूला गेला तरी विरुद्ध बाजूच्या पुढच्या पायावर साधारण २४० किलोच येतात, कारण आडव्या दिशेने तुमच्याकडे २ मीटरची रुंदी आहे. म्हणजे टॉवर निवडताना कमानीच्या डौलापेक्षा दोन पायांमधले पुढचे-मागचे अंतर पाहायला हवे. दिसायला बारीक आणि उभट टॉवर जुन्या डेकवर जास्त जाचक ठरतो.

आता गंमत पाहा. १० मिलिमीटरचा, ए४-७० दर्जाचा एक स्टेनलेस बोल्ट अडीच टनांच्या ओढीपर्यंत कायमचा ताणला जात नाही, म्हणजे बोल्ट तुटण्याचा प्रश्नच नाही. तुटतो तो डेक. नटाखाली २५ मिलिमीटरचा वॉशर असेल तर सगळा भार चार चौरस सेंटिमीटर फायबरवर येतो. त्याऐवजी डेकच्या खालून १०० गुणिले २०० मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पाटी दिली, तर तोच भार पन्नासपट जागेवर पसरतो. त्यामुळे मिस्त्रींच्या दुपारच्या जेवणाविषयी माझे उत्तर असे की, भोके पाडायला दुपारही लागत नाही; वेळ लागतो तो डेकच्या खालच्या बाजूला पोहोचायला.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यातूनच टॉवर लावलेल्या बोटी येऊ लागल्या, आणि त्यांच्या डेकखाली त्या जागी लॅमिनेट, म्हणजे फायबरचे थर, मुद्दाम जाड केलेले असते. तुमची बोट त्या विचाराच्या आधीची आहे.

मस्त_लाटा

एवढा बाऊ करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. आमच्या मित्राच्या जुन्या बोटीवर आम्ही नुसते मोठे वॉशर लावून टॉवर बसवला, त्याला तीन हंगाम झाले. वेकबोर्ड तर सोडाच, आम्ही त्यावरून हवेची मोठी ट्यूबसुद्धा ओढतो आणि वर बसून फोटोही काढतो.

आडवा_वारा

आपण सुखरूप आहात याचा आनंद आहे, पण ट्यूब टॉवरवरून ओढू नका. टॉवर बनवणारे बहुतेक सगळेच हे स्पष्ट शब्दांत मना करतात. वेकबोर्डवरचा माणूस जास्त ओढ बसली की हात सोडतो, आणि दोरावरचा भार तिथेच संपतो. ट्यूब दोराला बांधलेली असते. तिचे नाक पाण्यात घुसले, तर ती क्षणात पाण्याने भरलेल्या पोत्यासारखी अडते आणि पूर्ण वेगातल्या बोटीचा झटका टॉवरवर येतो. माझ्या हिशेबातले २५० किलो तिथे लागूच होत नाहीत. ट्यूबसाठी ट्रान्समवरची कडीच बरी. वर बसण्याविषयी एवढेच म्हणतो की, छोट्या बोटीत एक माणूस दीड मीटर वर गेला की तिचा तोल कसा बदलतो, हे पाहायला वादळी लाट लागत नाही. शेजारून गेलेल्या लाँचची लाट पुरते.

बेलापूर_खाडीकाठ

सर्वांचे आभार. काल दिवसभर शेडमध्ये होतो. नाखवांनी सांगितल्याप्रमाणे ठोकून पाहिले. उजव्या बाजूचे दोन्ही पाय आणि डावा मागचा पाय जिथे येतो तिथे आवाज टणक आहे. डावीकडे पुढे मात्र हातभर पट्ट्यात आवाज बद्द येतो.

बाजूच्या गाद्या आणि आतले पॅनेल काढायला तीन तास गेले, कारण निम्मे स्क्रू गंजून जाम झाले होते. आत दिव्याने पाहिल्यावर उलगडा झाला. आधीच्या मालकाने तिथे दोर अडकवायची खुंटी लावली होती आणि नंतर ती काढून टाकली. तिच्या चार स्क्रूंची भोके वरून नुसत्या पांढऱ्या सिलिकॉनने बुजवली आहेत. ते सिलिकॉन नखाने निघाले. खालून ३ मिलिमीटरचे भोक पाडून पाहिले, तर ड्रिलच्या पात्यासोबत काळपट ओला लगदा बाहेर आला. चार बारीक स्क्रूंनी एवढे केले असेल, तर मी तिथे मोठे बोल्ट मारून काय केले असते, या विचाराने रात्री नीट झोप लागली नाही.

भोक मोठे करून त्यात एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारे रेझिन) भरली तर भागेल का?

रेझिनचे_हात

भागणार नाही. कुजलेला भाग नाण्याएवढा असता, तर मी तेच सांगितले असते: भोक मोठे पाडावे, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आतला मऊ प्लाय खरवडून काढावा, पोकळीत घट्ट केलेली एपॉक्सी भरावी, आणि ती कडक झाल्यावर तिच्याच मधोमध बोल्टाचे भोक पाडावे, म्हणजे पुढे कधी पाणी झिरपले तरी ते लाकडाला लागत नाही. आपल्या बाकीच्या तीन टणक जागांवरही हेच करा, तो विमा आहे. डाव्या पुढच्या जागी मात्र हातभर पट्टा गेला आहे. ओला प्लाय वाळवून वाचत नाही, तो कापूनच काढावा लागतो.

काम खालून करा, म्हणजे वरचा जेलकोट शाबूत राहील. आतला फायबरचा थर कुजलेल्या भागाच्या कडेपासून चार बोटे पुढे, कोरड्या लाकडापर्यंत कापा. प्लाय छिन्नीने काढून वरच्या थराची आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि ॲसिटोनने पुसा. तिथे आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय सर्व कडांना एपॉक्सी पाजून बसवता येईल, पण पाय येणार त्या जागी मी प्लाय न घालता ग्लास-एपॉक्सीची शीट घालेन. इलेक्ट्रिकल पॅनेलला इन्सुलेशनसाठी जी हिरवट-पिवळी शीट वापरतात तीच ही. ती कुजत नाही आणि बोल्ट आवळला तरी दबत नाही. त्यावर काचेच्या कापडाचे तीन-चार थर द्या आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा ठेवा.

आता हवामान. हे काम आत्ता, श्रावणात करू नका. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, आणि तो पाण्याने धुऊन घासला नाही तर पुढचा थर त्याला धरत नाही. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की करा, पण भर दुपारी नाही, कारण तापमान १० अंशांनी वाढले की एपॉक्सी घट्ट होण्याआधी हातात उरणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. खोल पोकळी एका दमात भरू नका, कारण एकत्र साठलेली एपॉक्सी घट्ट होताना तापते. मगमध्ये धूर निघालेला मी स्वतः पाहिला आहे. आणखी एक पथ्य असे की, पॉलिएस्टरवर एपॉक्सी चिकटते, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. त्यामुळे यार्डात नेहमीचे पॉलिएस्टर कोणी वरून फासू लागले तर हात धरा.

बेलापूर_खाडीकाठ

दसऱ्यापर्यंत थांबतो. दरम्यान पायांची जागा पक्की करण्यासाठी आम्ही बांबूच्या काठ्या दोरीने बांधून टॉवरचा सांगाडा उभा केला आहे. त्यातून दोन गोष्टी कळल्या: पायांत १ मीटर अंतर ठेवले तर पुढचा पाय समोरच्या काचेच्या उघडणाऱ्या झडपेला अडतो, त्यामुळे ०.९ मीटरवर समाधान मानावे लागेल. आणि शेडचे दार कमानीपेक्षा बुटके आहे, म्हणजे टॉवर दुमडणारा असणे भाग आहे. वाटेत गावातल्या लोंबत्या तारांचा विचार करता ते एरवीही बरेच.

नाखवा_६१

बांबूची युक्ती आवडली. त्याच सांगाड्यावर रात्री दिवा बांधून पाहा. नांगरावर असताना लावायचा पांढरा दिवा चहूबाजूंनी दिसला पाहिजे, आणि टॉवरचा पाइप मध्ये आला तर एका बाजूने तो झाकला जातो. तो दिवा टॉवरच्या माथ्यावर न्यावा लागेल. बोटीच्या नोंदणीत आणि विम्यातही हा बदल आधीच कळवून ठेवा. अपघातानंतर कळवलेल्या बदलाला कोणी विचारत नाही. आणि ओघाने आले म्हणून सांगतो, कोणी वाशी-ऐरोलीच्या मध्ये खेळायला जाऊ नये. तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

दोन_इंची_पाइप

भोके पाडण्याआधी खालून पेट्रोलची नळी आणि हवा सुटण्याची नळी कुठून जाते ते पाहून घ्या, आणि टाकीचे झाकण उघडे ठेवून ड्रिल चालवू नका. जेलकोटवर चिकटपट्टी लावून पहिले काही फेरे ड्रिल उलटे फिरवा, म्हणजे टवके उडत नाहीत. नंतर भोकाची वरची कड किंचित तिरपी घासा. या खळग्यात सीलंटची कडी बसते, आणि कडेपासून केसासारख्या भेगा निघत नाहीत.

स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नका. खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि बोल्टाला विलग ठेवणारी पेस्ट हवी. बोल्ट ३१६ या प्रतीच्या स्टेनलेसचाच घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो, पण दुकानदाराला नुसते ‘एसएस’ म्हणालात तर तो खाऱ्या पाण्यात कमी टिकणारा ३०४ काढून देईल. स्टेनलेसचा नट कोरडा आणि वेगाने आवळला तर मध्येच जाम होतो, आणि मग तो कापल्याशिवाय सुटत नाही.

सीलंट पॉलियुरेथेनचा वापरा. आधी अर्धवट आवळा, दोन दिवस सुकू द्या, मग पूर्ण आवळा.

रेझिनचे_हात

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. सुकलेल्या सीलंटमध्ये बोल्ट फिरला की बोल्टाभोवतीचा बंध तुटतो, आणि पाणी तिथूनच उतरते. मी ओल्या सीलंटवरच पूर्ण आवळतो.

दोन_इंची_पाइप

ओल्यावर पूर्ण आवळले तर सगळा सीलंट बाहेर पिळून निघतो आणि खाली कागदाएवढा थर उरतो. म्हणून दोन टप्पे. मात्र दुसऱ्या टप्प्यात वरचे डोके पान्याने घट्ट धरायचे आणि फक्त खालचा नट फिरवायचा, हे लिहायला हवे होते. ती चूक माझी.

रेझिनचे_हात

तसे असेल तर मान्य. खालच्या पाटीला मात्र सीलंट लावू नका. फायबरची आतली बाजू खडबडीत असते, म्हणून पाटी घट्ट एपॉक्सीच्या गादीवर बसवा, नाहीतर ती दोन-तीन उंचवट्यांवरच टेकते आणि पन्नासपट जागेचा हिशेब कागदावरच राहतो. वरच्या बाजूने पाणी शिरलेच, तर ते खाली टपकताना दिसलेले बरे. दोन्हीकडून बंद केले की ते आतच मुरते.

बेलापूर_खाडीकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. डाव्या बाजूचे काम दसऱ्यानंतर सुरू केले आणि त्यात पाच रविवार गेले. कुजलेला पट्टा प्रत्यक्षात अंदाजापेक्षा वीतभर लांब निघाला. टॉवरचे किट मागवले. वजन २१ किलो आहे, आणि तो पुढे दुमडतो.

पाण्यात उतरवण्याआधी आम्ही यार्डातच एक चाचणी घेतली. ट्रेलर पुढून झाडाला बांधला, बोट ट्रेलरला आवळली, मागच्या खांबाला चेन पुली लावली, मध्ये क्रेनचा वजनकाटा अडकवला आणि टॉवर हळूहळू २०० किलोंपर्यंत ओढला. मेव्हणे आत झोपून पट्टीने डेकची हालचाल पाहत होते. नव्या केलेल्या डाव्या पुढच्या जागी डेक १ मिलिमीटर उचलला गेला, आणि उजवीकडच्या जुन्या, टणक वाटणाऱ्या जागी ३ मिलिमीटर. भार काढल्यावर दोन्ही जागा परत पहिल्या ठिकाणी आल्या.

आडवा_वारा

परत आल्या हे चांगले, पण तिप्पट फरक मला खटकतो. उजवीकडे लॅमिनेट निरोगी असेल, तरी ते मुळातच पातळ असणार. तिथली पाटी बाजूच्या भिंतीपर्यंत नेता आली, म्हणजे इंग्रजी एलच्या आकाराची करून एक अंग डेकखाली आणि दुसरे अंग बोटीच्या बाजूला एपॉक्सीने बसवता आले, तर उचल-भार डेकच्या वाकण्यावर न राहता बाजूच्या कवचात उतरेल. हंगाम सुरू करण्याआधी हे करा. तोवर दोर ट्रान्समवरच ठेवा.

बेलापूर_खाडीकाठ

केले. ६ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम अँगलची दोन तुकड्यांत पाटी करून उजव्या पुढच्या पायाखाली बसवली, आणि समतोलासाठी डावीकडेही तशीच दिली. दुसऱ्या चाचणीत उजवीकडची हालचाल १ मिलिमीटरच्या किंचित वर आली.

त्यानंतर चार वेळा पाण्यात जाऊन आलो. २० मीटरचा दोर आणि ताशी ३० ते ३५ किलोमीटर वेग ठेवला. माझी पुतणी गेल्या वर्षी एकदाही उभी राहू शकली नव्हती, ती तिसऱ्या प्रयत्नात उठली. दोर आता इंजिनावरून हातभर वरून जातो. दुसऱ्या फेरीनंतर सगळे नट तपासले, तर मागचे दोन पाव फेरा सैल निघाले. पुढचे जागेवर होते.

एकच तक्रार उरली आहे. आडव्या लाटांत दुमडण्याच्या सांध्यातून खडखड आवाज येतो. सांधा पूर्ण आवळलेला आहे.

दोन_इंची_पाइप

जास्त आवळू नका, खिळीचे भोक लांबट होईल. सांध्याच्या दोन पाकळ्यांमध्ये १ मिलिमीटरचे नायलॉनचे वॉशर दोन्ही बाजूंनी घाला. माप कळवलेत तर लेथवर काढून देतो, रविवारी येऊन घेऊन जा.

बेलापूर_खाडीकाठ

खिळी १२ मिलिमीटरची आहे आणि पाकळी बाहेरून ३८. रविवारी अकरापर्यंत येतो.